अमेरिकन घरांना जपानी आवराआवर एवढी का भावली, आणि ती टिकते का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत घरं प्रशस्त, जागेची ददात नाही, मग टोकियोतल्या छोट्या फ्लॅटमध्ये जन्मलेली मारी कोंडो यांची आवराआवरीची पद्धत तिथल्या लोकांनी एवढी डोक्यावर का घेतली? आणि ती खरंच टिकते, की चार दिवसांचं वेड?

मी न्यू जर्सीत प्रोफेशनल ऑर्गनायझर म्हणून काम करते, म्हणजे लोकांची घरं त्यांच्यासोबत बसून आवरून देणं हा माझा व्यवसाय. गिऱ्हाइकं बहुतेक अमेरिकन, काही आपली मराठी, गुजराती, तेलुगू कुटुंबं. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. ‘हे ठेवू कुठे?’ असं विचारत बसलेल्या माणसाला या पद्धतीने ‘हे ठेवू का?’ असं विचारायला शिकवलं, म्हणून ती आवडली. आणि जिथे ती टिकत नाही, तिथे कारण एकच असतं: घरात काय आहे ते ती नीट पाहते, पण घरात रोज काय येतंय त्याकडे अमेरिकेत कुणी पाहिलंच नाही.

मोठ्या घराचं आधी. पुण्या-मुंबईत दोन खोल्यांच्या घरात नवा मिक्सर आला की जुन्याचं काय करायचं ते त्याच आठवड्यात ठरतं. कामाच्या मावशींना द्यायचा की भंगारवाल्याला, एवढाच प्रश्न. इथे तळघर असतं, माळा असतो, दोन गाड्यांचं गॅरेज असतं. जुना मिक्सर ‘सध्या’ तळघरात जातो आणि पंधरा वर्षं तिथेच राहतो. १९७३ साली अमेरिकेत बांधल्या गेलेल्या नव्या स्वतंत्र घराचं मध्यक क्षेत्रफळ १,५२५ चौरस फूट होतं. २०१५ साली ते २,४६७ चौरस फुटांवर गेलं. त्याच काळात कुटुंबातली माणसं कमी झाली. तरीही सामान मावत नाही म्हणून महिन्याच्या भाड्याने बाहेर खोली घेण्याचा धंदा इथे गावोगाव आहे. हायवेवरून जाताना नारिंगी किंवा निळ्या शटरांच्या लांबच लांब रांगा दिसतात ना, त्या याच.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी २००१ ते २००५ या काळात ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरात जाऊन प्रत्येक खोलीतल्या वस्तू मोजल्या, फोटो काढले, माणसं दिवसभर कुठे वावरतात ते टिपलं. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश घरांच्या गॅरेजमध्ये सामानामुळे गाडी शिरत नव्हती. हे वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही, कारण मी पाहते त्या घरांतही महागडी गाडी बाहेर बर्फात उभी असते आणि आत, छपराखाली, ठोक दुकानातून आणलेले पेपर टॉवेल, मोडकी ट्रेडमिल, नाताळच्या सजावटीचे खोके आणि मुलांना लहान झालेल्या सायकली असतात. त्याच संशोधकांनी आणखी एक आकडा दिला: जगातल्या मुलांपैकी ३.१ टक्के मुलं अमेरिकेत, आणि जगातल्या खेळण्यांच्या खपातला ४० टक्के वाटा त्यांचा.

हे सामान आलं कुठून? माझ्या मते २००५ हे साल फार महत्त्वाचं आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. १ जानेवारी २००५ ला कापडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा जुना कोटा संपला आणि आशियातले कपडे अमेरिकेत मुबलक यायला लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ॲमेझॉनने वर्षाला ७९ डॉलरमध्ये दोन दिवसांत घरपोच माल देणारी प्राइम योजना आणली. कपडा स्वस्त झाला आणि दुकानापर्यंत जायचे कष्टही गेले, दोन्ही दोन महिन्यांच्या आत. माझी बहुतेक गिऱ्हाइकं गरजेपेक्षा जास्त खरेदी करतात ती हावरेपणाने नाही. परतीचं पाकीट बनवण्यापेक्षा वस्तू ठेवून घेणं सोपं, आणि घरात आहे ती शोधण्यापेक्षा नवी मागवणं सोपं, म्हणून. कात्री सापडत नाही, कात्री मागवा. एका घरात सगळ्या खोल्यांतल्या कात्र्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवायला सांगितल्या, तर टेबलाचा कोपरा भरला. त्या घरच्या बाईंनी आदल्याच दिवशी आणखी एक मागवली होती.

यावर अमेरिकेचा स्वतःचा उपाय जुनाच होता: डबे. सामान जास्त झालं तर त्याला नीटस डबे, कप्पे, लेबलं. १९७८ मध्ये डॅलसला फक्त साठवणीच्या वस्तू विकणारं ‘द कंटेनर स्टोअर’ हे दुकान सुरू झालं आणि त्याची देशभर साखळी झाली. आमच्या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १९८५ पासून आहे. म्हणजे कोंडो येण्याआधी इथे आवरणारे नव्हते असं मुळीच नाही. पण आमचा भर सगळं बसवण्यावर होता. पारदर्शक डब्यात, लेबल लावून, नको असलेली वस्तूसुद्धा फार सुरेख बसते.

मग ऑक्टोबर २०१४ मध्ये मारी कोंडो यांचं आवराआवरीवरचं पुस्तक इंग्रजीत आलं. जपानमध्ये ते २०१० च्या अखेरीस निघालं होतं. २०१५ साली ‘टाइम’ने त्यांना जगातल्या सर्वांत प्रभावशाली शंभर जणांच्या यादीत घेतलं. १ जानेवारी २०१९ ला नेटफ्लिक्सवर त्यांची आठ भागांची मालिका आली आणि आमचे फोन वाजायला लागले. तारीख बघा: नवीन वर्षाचा पहिला दिवस, नाताळच्या भेटवस्तूंचे खोके अजून हॉलमध्ये, बाहेर थंडी, लोक घरात. शिवाय तेव्हा खर्चाला मंजुरी न मिळाल्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कामकाज ठप्प होतं, कितीतरी सरकारी कर्मचारी पगाराविना घरी बसले होते. त्या जानेवारीत अनेक शहरांतल्या, दानात आलेल्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानांनी दानाचा ओघ वाढल्याचं सांगितलं.

आता पद्धत नक्की काय आहे ते जवळून सांगते, कारण मालिका पाहिलेल्यांनाही बरेचदा फक्त घड्या आठवतात. खोलीवार आवरायचं नाही, प्रकारवार आवरायचं: आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागद, मग स्वयंपाकघरापासून हत्यारांपर्यंतचं किरकोळ सगळं, आणि शेवटी आठवणींच्या वस्तू. एका प्रकारच्या घरातल्या सगळ्या वस्तू एका जागी आणायच्या. मग प्रत्येक वस्तू हातात घेऊन ती आनंद देते का ते स्वतःला विचारायचं, आणि जायची असेल तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा.

यातली खरी ताकद ‘एका जागी आणण्यात’ आहे. कपड्यांचा ढीग पलंगावर पडतो तेव्हा काय होतं ते मी नेहमी बघते. सुरुवातीला माणूस मजेत असतो. बेडरूमचं कपाट रिकामं होतं, पलंग झाकला जातो. मग मी विचारते, पाहुण्यांच्या खोलीतलं कपाट? तळघरातल्या हिवाळी कपड्यांच्या पिशव्या? गाडीच्या डिकीतलं जॅकेट? ढीग छातीपर्यंत येतो आणि बोलणं थांबतं. काळ्या पँट्स वेगळ्या काढल्या की दिसतं, एकाच मापाच्या, एकाच जातीच्या आठ आहेत आणि त्यातल्या तीनांना दुकानाची चिठ्ठी तशीच लटकते आहे. कुणी काही बोलावं लागत नाही. वेगवेगळ्या खोल्यांत विखुरलेल्या असताना त्या आठ कधीच आठ वाटल्या नव्हत्या. उभ्या घड्यांचं कारणही तेच: टी-शर्टची घडी स्वतःच्या जोरावर उभी राहील इतकी घट्ट घालून ओळीने लावली, की ड्रॉवर उघडताच प्रत्येक शर्ट दिसतो. जे दिसतं ते वापरलं जातं आणि तसलंच पुन्हा आणलं जात नाही.

आभार मानण्यावर इथल्या बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली. मला तो भाग सगळ्यात उपयोगी वाटतो. अमेरिकन माणसाला वस्तू टाकवत नाही त्यामागे बहुतेक वेळा अपराधीपणा असतो: एवढे पैसे घातले, आजीने विणलं होतं, बारीक झाल्यावर घालीन असं ठरवलं होतं. आभार मानले की त्या वस्तूचा हिशेब पुरा होतो. कोंडो तरुणपणी पाच वर्षं एका शिंतो देवळात सेविका होत्या, हा संस्कार त्यांच्याकडे तिथूनही आला आहे. आपल्या लोकांना तर हे समजावून सांगावंच लागत नाही. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालणाऱ्या माणसाला वस्तूचे आभार मानण्यात नवल काय वाटणार?

तरी एक गैरसमज दूर करायला हवा. जपानी घरं मुळातच मोकळी, शांत, चटईवर एक फुलदाणी अशी असतात, हे चित्र अमेरिकेने आपल्या मनात रंगवलं. छायाचित्रकार क्योइची त्सुझुकी यांनी १९९३ मध्ये टोकियोतल्या सामान्य तरुणांच्या खोल्यांचे फोटो प्रसिद्ध केले. पुस्तकं, कॅसेटी, कपडे, भांडी यांनी त्या खोल्या खच्चून भरलेल्या आहेत. आवराआवरीवर इतकं लिहिलं गेलं ते याचसाठी. २००० साली नागिसा तात्सुमी यांचं टाकण्याच्या कलेवरचं पुस्तक तिथे गाजलं, आणि शाळकरी वयातल्या कोंडोंनी ते वाचलं होतं. २००९ मध्ये हिदेको यामाशिता यांनी योगाभ्यासातून घेतलेली ‘दानशारी’ ही सामान कमी करण्याची पद्धत मांडली. मार्च २०११ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने अनेकांना नव्याने जाणवलं, की कपाटावर रचून ठेवलेलं सामान अंगावर कोसळून जीवही घेऊ शकतं. कमीत कमी वस्तूंत राहणाऱ्या फुमिओ सासाकींसारख्यांचं लेखन त्यानंतरचं.

या सगळ्यांत मला यामाशितांचं म्हणणं अमेरिकेसाठी जास्त मोलाचं वाटतं, आणि इथे पोहोचलं मात्र सगळ्यात कमी. त्यांच्या तीन पायऱ्यांपैकी पहिली आहे, नको ते घरात येऊच न देणं. टाकणं दुसरं, आणि वस्तूंची ओढ सोडणं तिसरं. अमेरिकेने मधली पायरी तेवढी उचलली. ती टीव्हीवर छान दिसते: आधी ढीग, मग रिकामी फरशी, डोळ्यांत पाणी. एखादी बाई दुकानात वस्तू हातात घेते आणि परत ठेवून देते, यात दाखवण्यासारखं काय आहे?

शिवाय जपानमध्ये एक लगाम आधीपासून आहे. टोकियोच्या शहरी प्रभागांत ढोबळमानाने ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू टाकायची तर नोंदणी करून, पैसे भरून स्टिकर आणावं लागतं आणि ठरल्या दिवशी ती बाहेर ठेवावी लागते. २००१ पासून टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी टाकताना पुनर्वापराचा खर्च मालकाने द्यायचा असा कायदा आहे. वस्तू घराबाहेर काढायलाच पैसे आणि वेळ लागतो, म्हटल्यावर ती आणताना माणूस विचार करतो. माझ्या गावात सोफा ठरलेल्या वारी फुटपाथच्या कडेला ठेवला की पालिकेची गाडी उचलून नेते. येणंही सोपं आणि जाणंही सोपं. अशा ठिकाणी नुसतं टाकायला शिकवणारी पद्धत आणली, की लोक मोकळ्या मनाने टाकतात आणि तितक्याच मोकळ्या मनाने पुन्हा आणतात.

टाकलेलं जातं कुठे, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, ऐकायला आवडो न आवडो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबानुसार २०१८ साली देशात १ कोटी ७० लाख टन कापडाचा कचरा झाला आणि त्यातला १ कोटी १३ लाख टन जमिनीत गाडला गेला. धर्मादाय दुकानात दिलेलं सगळं दुकानात विकलं जात नाही; उरलेलं वजनावर, गठ्ठे बांधून परदेशी जातं. घानाच्या आक्रा शहरातला कांतामांतो बाजार अशा गठ्ठ्यांवरच चालतो, आणि श्रीमंत देशांतले जुने लोकरी कपडे आपल्या पानिपतला येऊन पिंजले जातात, त्यांच्या सुतातून स्वस्त ब्लँकेटं होतात. म्हणून फाटकं, डागाळलेलं दानाच्या पेटीत घालू नका, दुसऱ्याच्या गळ्यात आपला कचरा बांधला जातो. करसवलतीच्या आशेने दान करणार असाल तर तेही नीट पाहून घ्या: कपडे चांगल्या स्थितीतले लागतात, आणि खर्चांची तपशीलवार वजावट घेणाऱ्यांनाच वस्तूंच्या दानाचा फायदा मिळतो. २०१८ पासून सरसकट वजावट, म्हणजे खर्चांचा तपशील न देता मिळणारी, जवळपास दुप्पट झाल्यामुळे तसे लोक फार कमी उरले आहेत.

आता मी ही पद्धत कुठे बदलते ते सांगते.

कागद. कोंडोंचा मूळ सल्ला कागद जवळपास सगळेच काढून टाका असा आहे. परदेशातून येऊन इथे राहिलेल्या कुटुंबांनी हे कृपा करून करू नये. जुने पासपोर्ट, त्यातले व्हिसा, आय-७९७ च्या मंजुऱ्या (व्हिसाच्या अर्जांवरची सरकारी पत्रं), आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद), पगारपत्रकं, डब्ल्यू-२ (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारं पत्रक), पदव्यांची मूळ प्रमाणपत्रं आणि त्यांची मूल्यांकनं यांतला एकही कागद आनंद देत नाही आणि एकही टाकायचा नाही. ग्रीन कार्डाच्या किंवा नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी दहा वर्षांपूर्वीची मंजुरी शोधावी लागते. प्राप्तिकराचे कागद साधारणपणे तीन वर्षं तरी ठेवावेत, बुडीत कर्ज किंवा मातीमोल शेअर दाखवले असतील तर सात. भारतातल्या बँक खात्यांची माहिती दरवर्षी इथल्या अर्थखात्याला कळवत असाल तर त्याचे पुरावे पाच वर्षं. मी या सगळ्याची एक जाड फाइल करते, तिला एकच जागा ठरवते आणि स्कॅन दोन ठिकाणी ठेवते. बाकीचे कागद, म्हणजे शाळेच्या सूचना, मॅन्युअलं, क्रेडिट कार्डांच्या जाहिराती, बिनधास्त जाऊ द्या.

पुस्तकं. तीसपेक्षा जास्त पुस्तकं ठेवायची नाहीत असा कोंडोंचा नियम असल्याचं २०१९ मध्ये जिकडेतिकडे फिरलं आणि वाचणारी माणसं संतापली. असा नियम नाही. त्या स्वतः साधारण तेवढी ठेवतात, एवढंच. मी पुस्तकांना शेवटपर्यंत हात लावत नाही. आजवर कुठल्याही घराचं गॅरेज पुस्तकांनी भरलेलं पाहिलं नाही.

आणि दुसऱ्याच्या वस्तू. हा नियम मूळ पद्धतीतच आहे, पण घरोघरी तोच मोडला जातो. आपल्याच वस्तूंचा निर्णय आपण घ्यायचा. नवऱ्याच्या, मुलांच्या, सासूबाईंच्या नाही. न्यू जर्सीतल्याच एडिसन गावातल्या एका मराठी घरात ओटा आवरताना पोळ्यांचे सारख्याच आकाराचे सहा स्टीलचे डबे निघाले. सूनबाईंनी चार बाजूला ठेवले, तर सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, टाकतेस कशाला? दादरहून आणलेत मी, बॅगेच्या तेवीस किलोत बसवून.” अशा वेळी आनंदाचा प्रश्न विचारून भागत नाही. मी विचारलं, “काकू, हे कुणाच्या घरी गेलेले तुम्हाला आवडतील?” त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “दर ऑगस्टला नवीन पोरं शिकायला येतात ना इथे? त्यांच्याकडे काही नसतं.” चारही डबे आणि एक कुकर त्यांनी स्वतः पुसून पिशवीत भरले.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॉस एंजेलिसच्याच एका अभ्यासात, आपलं घर पसरलेलं आहे असं ज्या बायकांच्या बोलण्यातून दिसलं, त्यांच्या शरीरातल्या कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची पातळी दिवसभरात जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती. नवऱ्यांमध्ये तसं दिसलं नाही. घर एकच, पसारा एकच. तो ‘माझं काम राहिलं’ असं फक्त एकीला सांगतो. आवराआवरीची कुठलीही पद्धत घरातल्या बाईच्या डोक्यावरचा आणखी एक भार होणार असेल, तर ती अपुरी आहे असं मी ठामपणे म्हणते. म्हणून पहिल्या भेटीला घरातली सगळी मोठी माणसं हजर असावीत असा माझा आग्रह असतो. जानेवारी २०२३ मध्ये खुद्द कोंडोंनी सांगितलं, की तिसरं मूल झाल्यावर घर सतत आवरलेलं ठेवण्याचा नाद त्यांनी बराचसा सोडला आहे. त्यावर खूप टीका झाली. मला मात्र त्यांच्याबद्दलचा आदर वाढला, कारण लहान मुलांच्या घरात वेळ कशावर घालवायचा याचा निर्णय त्यांनी उघडपणे घेतला.

मग टिकतं का? माझ्या पाहण्यात कपड्यांचे ड्रॉवर टिकतात, घड्या टिकतात, वस्तूंच्या ठरलेल्या जागाही बऱ्यापैकी टिकतात. ओसरी, ओटा आणि गॅरेज पुन्हा भरतात, कारण नवीन सामान तिथूनच आत येतं. ज्या घरांनी येणं कमी केलं त्यांची अवस्था वेगळी आहे. फोनमधून कार्डाचा जपून ठेवलेला नंबर काढून टाका; प्रत्येक वेळी पाकीट शोधून सोळा आकडे टाकावे लागले की निम्मी खरेदी होत नाही. ठोक दुकानात जाण्याआधी गॅरेजमधल्या मालाचा फोटो काढून न्या. मुलांच्या वाढदिवसाला भेटवस्तू नको असं आमंत्रणातच लिहा, किंवा सगळ्यांनी मिळून एकच द्या. भारतातून येताना बॅग भरायची सवय आहेच. खाऊ, औषधं आणि पुस्तकं आणा, भांडी नकोत. दानाची पिशवी दाराजवळ कायम उघडी ठेवा आणि भरली की त्याच आठवड्यात पोहोचवा, नाहीतर ती डिकीत महिनोन् महिने फिरते. एवढं केलं की मोठा ढीग पुन्हा पलंगावर आणायची वेळ क्वचितच येते.

डबे विकत घ्यायचे असतील तर सगळ्यात शेवटी, काय उरलं ते पाहून. बुटांची खोकी कोंडोही वापरायला सांगतात आणि ती उत्तम चालतात.

एक सावधगिरी मात्र पाळा. पसारा आणि साठवणुकीचा विकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. घरात चालायला वाट उरलेली नाही, पलंगावर झोपता येत नाही, शेगडी वापरता येत नाही आणि एखादी वस्तू हलवली तरी माणूस कासावीस होतो, असं कुणाच्या घरी दिसलं तर ना कोंडोंची पद्धत वापरा ना माझी. त्या माणसाला न विचारता घर रिकामं तर मुळीच करू नका. त्याने त्रास वाढतो आणि घर पुन्हा भरतं. आधी मानसोपचारतज्ज्ञ, आणि आवरणारी व्यक्ती त्यांच्या सल्ल्याने, मागाहून.